‘गुणसूत्र’ हा शब्द आणि संकराचा हिशेब

संकरित धान्यांविषयीच्या लेखनात एक समीकरण वारंवार आढळते : गव्हाचे उत्पन्न अधिक रायचा काटकपणा, म्हणजे ट्रिटिकेल. (राय हे युरोपातील थंड प्रदेशाचे तृणधान्य, आपली राई नव्हे.) ट्रिटिकम आणि सिकेल या दोन प्रजातिनामांचे तुकडे सांधून हे नाव सिद्ध झाले असल्यामुळे वाचकास तो द्वंद्व समास भासतो आणि दोन्ही पदांस समान प्राधान्य आहे अशी समजूत होते. प्रत्यक्ष वनस्पती मात्र हे व्याकरण जुमानीत नाही.

1875 साली एडिंबरो येथे स्टीफन विल्सन यांनी वर्णिलेला गहू-राय संकर वांझ होता. आज प्रचलित असलेल्या प्रकारात डुरम गव्हाची 14 व रायची 7 अशी 21 गुणसूत्रे प्रथम एकत्र येतात. त्यांना परस्परांत जोडीदार मिळत नाहीत. 1937 पासून उपयोगात आलेल्या कॉल्चिसीन या द्रव्याने ही संख्या दुप्पट करता येऊ लागली आणि 42 गुणसूत्रांचे सुफल रोप मिळाले. त्यांपैकी 28 गव्हाची व 14 रायची. शिवाय गहू मातृस्थानी असल्यामुळे पेशीद्रवही गव्हाचाच येतो. अर्थात् समानता पहिल्याच पायरीवर संपते.

पुढील उदाहरणे अधिक बोलकी आहेत. ट्रिटिकेलची कणीक पावास कमकुवत ठरते, तेव्हा सारा दोष रायच्या माथी मारला जातो. वस्तुतः पावाच्या गव्हास त्याची लवचिकता बव्हंशी ज्या तिसऱ्या गुणसूत्रसंचामुळे लाभते, तो एजिलॉप्स या रानगवताकडून आला असून डुरममध्ये तो नाहीच. जे जनकापाशी नव्हते, ते संततीत कोठून यावे ? उलट, रायची रायबोसोमविषयक जनुके संकरात उपस्थित असूनही बहुतांशी मूक राहतात. आम्ल जमिनीतील ॲल्युमिनियम सोसण्याची रायची शक्ती उतरते, परंतु सहसा रायइतकी नाही. मेक्सिकोत 1960 नंतरच्या दशकात लाभलेल्या ‘आर्माडिलो’ या वाणाची सुपीकता वाढली, ती तर रायचे एक गुणसूत्र जाऊन त्या जागी गव्हाचे आल्यानंतर.

येथे आपल्या परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘क्रोमोसोम’ या ग्रीक घटकांच्या शब्दाचा अर्थ केवळ ‘रंगीत देह’ असा आहे. तो गुणांविषयी काहीच गृहीत धरीत नाही. ‘गुणसूत्र’ हा आपला पर्याय मात्र सूत्र तेथे गुण, असे सिद्धान्तच उच्चारतो. शब्द रूढ आहे आणि तो बदलावा असा आग्रह नाही. परंतु त्याच्या व्युत्पत्तीस पुरावा समजणे घातक आहे. वर्णाचे मूल्य जसे शेजारच्या वर्णांच्या सान्निध्यात ठरते, तसेच जनुकाचेही. म्हणून ‘हा गुण रायचा’ एवढ्यावर न थांबता, तो कोणत्या गुणसूत्रावरील, कोणत्या संचाच्या सान्निध्यात आणि किती प्रमाणात प्रकट झाला, हे सांगणारे विधानच शास्त्रीय म्हणता येईल.