नऊशे ओव्या आणि एक नकार

जामच्या चौरस्त्यावर नागपूर-हैदराबादचा महामार्ग सोडून वर्ध्याकडे वळायचे. वर्ध्याहून आर्वी, आर्वीपलीकडे वर्धा नदी आणि नदी ओलांडली की कौंडिण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचे माहेर. आणखी वर गेले की मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या महानुभाव कवींनी रुक्मिणीचे लग्न पुन्हापुन्हा लावले, ते याच पट्ट्याशी नाते सांगत. महदाइसेने ते गायले, नरेंद्राने ते राजसभेत नेले. ही माणसे कशी वागत-बोलत, कशावर अडून बसत, हे आपल्याला कळते ते काव्यांतून कमी आणि एका छोट्या गद्य पोथीतून जास्त. पोथीचे नाव ‘स्मृतिस्थळ’.

महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर, आणि त्यांचे गुरू गोविंदप्रभू. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे, म्हणजे भटोबासांकडे आली. त्या काळातल्या अडीचशेच्या वर आठवणी या पोथीत आहेत. काही चार-पाच वाक्यांच्या, काही पानभर. पुढे सांकेतिक सकळ लिपीमुळे महानुभावांचे ग्रंथ कित्येक शतके बाहेरच्यांना बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्यांनी त्या लिपीचे कोडे सोडवले. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी शारदाश्रमात पोथ्या जमवल्या आणि 1925 मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहिले. ‘स्मृतिस्थळ’ वा. ना. देशपांड्यांनी 1939 मध्ये छापून काढले. हा इतिहास एरवीही सांगितला जातोच. मला बोलायचे आहे ते ही पोथी लिहिणाऱ्या हाताविषयी.

नरेंद्राची स्मृती घ्या. देवगिरीचा रामदेवराव, त्याच्या सभेत ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचून दाखवणारा नरेंद्र, सोबत त्याचे दोघे भाऊ. राजाला काव्य इतके आवडते की ते आपल्या नावावर करून मागतो, ओवीमागे एक सोन्याचा टंक देऊ करतो. नरेंद्र नाही म्हणतो, कारण त्याने कविकुळाला बोल लागेल. मग एका रात्रीत जेवढे हाती लागेल तेवढे तिघे भाऊ उतरून घेतात, नऊशे ओव्या होतात, आणि दरबार सोडून ते भटोबासांकडे येतात.

एवढीच गोष्ट. पण सांगणाऱ्याने काय काय गाळले आहे ते पाहा. राजावर एकही शिवी नाही. रामदेवराव इथे लुटारू नाही, रसिक आहे. काव्य त्याला कळले म्हणूनच तर त्याचा मोह अनावर झाला. त्याने जबरदस्ती केली असती तर नरेंद्र फक्त दुबळा ठरला असता. त्याने भाव केला, आणि भावही चढा केला, म्हणून नकाराला वजन आले. शिवाय नकाराचे कारण नरेंद्र स्वतःवर घेत नाही. माझे काव्य, माझी कीर्ती, असला सूर नाही. डाग लागणार तो कवींच्या कुळाला. आपल्या आधी होऊन गेलेल्या आणि पुढे होणाऱ्या अनोळखी कवींच्या वतीने एक माणूस सोने परत करतो, आणि लेखक त्याला त्याबद्दल शाबासकीही देत नाही. ही अलिप्तता कमावलेली आहे.

आणि तो आकडा! काव्य अपुरे राहिले असे मोघम सांगून भागले असते. पण स्मृतिकार नऊशे म्हणतो, आणि त्या आकड्यात रात्रीची घाई, तिघांचे हात, उजाडायची धास्ती हे सगळे न सांगता येते. गंमत अशी, की पुढे अभ्यासकांच्या हाती आलेल्या या काव्याच्या जुन्या प्रतीही नऊशेच्या अलीकडेच थांबणाऱ्या निघाल्या. पोथीतल्या गद्याने कवितेच्या तुटलेल्या कडेची नोंद आधीच करून ठेवली होती.

दुसरी जागा केसोबासांची. केशिराज व्यास हे मोठे पंडित. चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ लावणारे, 114 दृष्टान्तांचा ‘दृष्टान्तपाठ’ रचणारे, संस्कृतात स्तोत्रे लिहिणारे. ते आणि दामोदर पंडित भटोबासांना संस्कृतात प्रश्न विचारू लागतात. भटोबास संस्कृतातली दोन सर्वनामे उचलतात, यमक जुळणारी, आणि हे तुमचे मला कळत नाही म्हणून ती हसत परत करतात. मला चक्रधरांनी मराठीत सांगितले, मराठीतच विचारा, एवढे त्यांचे म्हणणे. अभ्यासकांनी या प्रसंगातून भाषाभिमान काढला आहे आणि तो खोटा नाही. पण तो ठळक करण्याच्या नादात आपण त्यातली चेष्टा ऐकायची विसरतो. पंडितांचा पाणउतारा होत नाही, त्यांना घरच्यासारखे चिडवले जाते. फक्त दोन शब्दांच्या नादावर अख्खा स्वर उभा करणारा हा लेखक कानाचा किती तयार असेल!

केसोबास पंथाचा विचार संस्कृतात लिहू पाहतात तेव्हा भटोबास त्यांना अडवतात, आणि कारण देतात पंथातल्या म्हाताऱ्यांचे: त्या बिचाऱ्या त्याला मुकतील. तत्त्व नाही, शास्त्राधार नाही, समोर बसणाऱ्या बायका. मराठी गद्यात लिहिणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा हक्क मोठा मानणारी इतकी जुनी जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

त्या म्हाताऱ्यांतलीच एक महदाइसा. बालविधवा, भटोबासांच्या नात्यातली, आधी दादोस नावाच्या गुरूंची शिष्या, मग चक्रधरांची. चक्रधरांच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्रा’त ती सारखी प्रश्न विचारताना दिसते, आणि तिच्या प्रश्नांमुळेच चक्रधरांची कितीतरी उत्तरे आपल्यापर्यंत पोचली. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या मनात लग्नाची लहर आली, भक्तांनी तो खेळ मांडला आणि तिथे महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे म्हटले. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचे नाव पाठ्यपुस्तकांत येते ते या धवळ्यांमुळे. उत्तरार्ध तिने नंतर रचला. शिवाय मातृकेच्या अक्षरक्रमाने चालणारे एक रुक्मिणीस्वयंवरही तिच्या नावावर आहे.

धवळा म्हणजे लग्नात बायकांनी म्हणायचे गाणे. महदाइसेने त्याची चौकट मोडली नाही, तिच्यात कथा बसवली. म्हणून तिच्या रचनेत नरेंद्राची अलंकारांची श्रीमंती नाही. ओळी कमी-जास्त लांबीच्या, यमकाने सावरलेल्या, दमाने म्हणायच्या. नरेंद्र वर्णनाला थांबतो, महदाइसा निरोपाच्या मागे धावते: निरोप्या ब्राह्मण निघाला का, पोचला का, त्याचे स्वागत कसे झाले. लग्नघरात आतल्या खोलीत बसलेल्या बाईला बाहेरच्या घडामोडी जशा कळतात, तशी तिची कथा कळत जाते. नरेंद्र थोर कवी आहे यात वाद नाही. पण रुक्मिणीची धाकधूक ऐकायची असेल तर मी महदाइसेकडे जाईन. तिचा श्रोतृवर्ग तिला ठाऊक होता. तोच तो, ज्याच्यासाठी पुढे केसोबासांना थांबवले गेले.

भास्करभट्ट बोरीकरांची हकिकत परंपरेत वेगळ्या अंगाने येते. ‘शिशुपाळवध’ त्यांनी गुरुबंधूला वाचायला दिले. काव्य चांगले उतरले आहे, पण निवृत्तीच्या वाटेवरच्यांच्या कामाचे नाही, असा अभिप्राय आला, कारण शृंगार फार. भास्करभट्टांनी मग ‘उद्धवगीता’ लिहिली. या अभिप्रायाचा तोल बघण्यासारखा आहे. निषेध आहे, पण आधी दाद आहे, आणि ती दाद परंपरेने पुसली नाही. ‘शिशुपाळवध’ही टाकून दिले नाही. पंथाला न रुचलेला शृंगार पंथानेच नकलून नकलून जपला. समीक्षेचा आणि जतनाचा असा संसार फार थोड्या ठिकाणी सुखाने चालतो.

अॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी ‘स्मृतिस्थळा’चा इंग्रजी अनुवाद केला, तो 1992 मध्ये आला. मूळ मराठीची धास्ती घेणाऱ्यांनी मात्र तिकडे पळू नये. वाक्ये आखूड आहेत, क्रियापदे ओळखीची आहेत, आणि पहिल्या दहा-बारा स्मृती मोठ्याने वाचल्या की जीभ आपोआप वळते. नरेंद्राची स्मृती मात्र लगेच शोधू नये. आधी भटोबासांचे भिक्षेचे, रुसव्याफुगव्यांचे, शिष्यांना दटावण्याचे साधे प्रसंग वाचावेत. त्याच आवाजात, एक अक्षरही न चढवता, देवगिरीचे सोने नाकारल्याचे सांगितले आहे.