कम्प्युटर फास्ट झाला, पण कशामुळे?



पेटच्या मुलाखतीत 'कंट्रोल म्हणजे काय?' असं विचारलं तर काय सांगायचं, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी वहीत लिहून ठेवलं असेल. मीही ठेवलं होतं. कोर्सवर्कच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात त्यावर दहा मार्कांचं उत्तरही लिहिलं. आणि मागच्या दिवाळीत घरी गेल्यावर, घरचा कम्प्युटर दुरुस्त करायला बसलो तेव्हा त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही.

आजची पोस्ट माझ्या विषयावर नाही. 'घरबसल्या स्लो कम्प्युटर फास्ट करा' छापाचे जे व्हिडिओ आणि लेख असतात, त्यांची ही चिकित्सा आहे. जर्नल क्लबमध्ये एखादा पेपर घेऊन बसतो, तसं त्यांना घेऊन बसायचं.

आधी पेशंट. २०१५ साली घेतलेला डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा आठवड्यातून एक-दोनदा लावतात. बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन यायचं, तोवर स्क्रीनवर आयकॉन दिसायला लागलेले असतात. ओळखीचा दुकानदार म्हणाला होता, "फॉरमॅट मारू, पाचशे रुपये." पण घरात सायन्सवाला पोरगा असताना पाचशे रुपये कशाला, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मी दहा टिपांचा एक व्हिडिओ लावला आणि क्रमाने सगळं केलं. टेम्प फोल्डर रिकामं केलं, प्रीफेच उडवलं, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या 'वाढवली', एक रजिस्ट्री क्लीनर चालवला, रॅम मोकळी करणारं सॉफ्टवेअर टाकलं, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले आणि रात्रभर डीफ्रॅग लावून झोपलो. सकाळी रीस्टार्ट. कम्प्युटर खरंच हलका वाटला! घरच्या ग्रुपवर मी 'झाला फास्ट' असं टाकलं. मावशीने लिंक मागितली, ती पण पाठवली. म्हणजे कंट्रोल नाही, मोजमाप नाही, एकच सॅम्पल, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करून मोकळा.

पाचव्या दिवशी गाडी मूळपदावर आली. मग मात्र मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी वही घेऊन.

पहिली अडचण लगेच दिसते. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. पण त्याहून गमतीची गोष्ट शेवटच्या वाक्यात आहे. अशा व्हिडिओंचा शेवट बहुधा 'आता कम्प्युटर रीस्टार्ट करा' असा होतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आमच्याकडे बाबा रोज इमानदारीत शट डाउन करायचे, पण टास्क मॅनेजरमध्ये 'अपटाइम' बघितला तर तो काही आठवड्यांचा निघाला. म्हणजे त्या दहा टिपांपैकी एकही न करता मी नुसतं रीस्टार्ट केलं असतं तरी थोडा फरक पडला असता. किती, हे आता सांगता येत नाही. तो माझा कंट्रोल होता आणि मी तो घेतलाच नाही.

दुसरी अडचण वेळेची. आपण कम्प्युटर कधी दुरुस्त करायला घेतो? तो सगळ्यात जास्त छळतो त्या दिवशी. आठवड्यातून एकदा लागणारं मशीन लागलं रे लागलं की साठलेले अपडेट ओढायला लागतं, अँटिव्हायरस आपलं स्कॅनिंग काढून बसतो. दोन तासांनी ते सगळं संपतं आणि मशीन आपोआप सुधारतं. मधल्या वेळात तुम्ही नारळ फोडला असता तरी श्रेय नारळाला गेलं असतं. १८८६ साली फ्रान्सिस गॉल्टनने आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींवरून जे दाखवलं, ते सरासरीकडे परतणं तुम्ही स्टॅटिस्टिक्समध्ये शिकला असाल. टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप बहुधा कमी टोकाचं असतं. घरच्या टेबलावर ते असं दिसतं.

आता एकेक टिप. प्रोसेसरची संख्या निवडण्याचा जो रकाना आहे, तो चाचणीसाठी संख्या कमी करता यावी म्हणून आहे. त्याला हात लावला नाही तर विंडोज सगळे कोअर वापरतंच. तिथे टिक करून '४' निवडण्याने काही वाढत नाही. प्रीफेच फोल्डरमध्ये कुठला प्रोग्रॅम सुरू करताना डिस्कवरचं काय काय लागतं याच्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढचे काही वेळा प्रोग्रॅम उलट उशिराच उघडतात, मग विंडोज बिचारं नोंदी पुन्हा लिहून काढतं. रजिस्ट्री क्लीनर तर स्वतः मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाहीत. (आणि हो, उजवं बटण दाबून तीनदा 'रिफ्रेश' मारण्याने फक्त डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा काढले जातात. कम्प्युटर क्लासमध्ये आपल्याला हे कुणी शिकवलं, देव जाणे.)

रॅम मोकळी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर जरा थांबू, कारण संशोधनात हीच चूक फार सभ्य रूपात भेटते. हे सॉफ्टवेअर चालवलं की टास्क मॅनेजरमधला आकडा ८५ टक्क्यांवरून ५० वर येतो. डोळ्यांना पुरावा! पण होतं काय, तर चालू प्रोग्रॅमना त्यांची रॅममधली पानं सोडायला लावली जातात. पुढच्या क्लिकला ती परत लागतात, आणि मधल्या काळात ती रॅममधून हलली असतील तर डिस्कवरून आणावी लागतात. शिवाय रिकामी वाटणारी रॅम विंडोज फाइली हाताशी ठेवायला वापरत असतं, ती वाया जात नसते. आपल्याला हवा होता वेग, आपण मोजली मोकळी रॅम. मोजायला सोपं ते मोजायचं आणि हवं ते मिळालं असं म्हणायचं, असे किती पोस्टर आपण कॉन्फरन्समध्ये बघतो!

सगळंच टाकाऊ नाही. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करणं ही टिप बरोबर आहे. डिस्क काठोकाठ भरली असेल तर जागा करणंही बरोबर. पण व्हिडिओत या दोघांना रजिस्ट्री क्लीनरच्याच रांगेत उभं केलंय, तितक्याच उत्साहाने.

मग मी तीन दिवस काहीही न बदलता फक्त मोजलं. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिलं पान उघडेपर्यंत, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. ५ मिनिटं ५० सेकंद, ७ मिनिटं १० सेकंद, ४ मिनिटं २५ सेकंद. हे आकडे बघून मी वही मिटली. काहीही न करता पावणेतीन मिनिटांचा फरक पडतो, तर 'हलका वाटला' याला काय अर्थ उरतो?

चौथ्या दिवशी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि डिस्कचा रकाना बघत बसलो. १०० टक्के. याचा अर्थ डिस्क सतत कामात आहे, पुष्कळ माहिती हलतेय असा नाही. माहिती हलत होती सेकंदाला जेमतेम १-२ एमबी. चांगली ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद, आणि डोकं सरकवायला आणखी थोडे. विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला पाऊणशे ते शंभर. जुन्या डिस्कवर विंडोज १० मुळात रडतं ते यामुळे. पण आमच्या डिस्कचा सरासरी प्रतिसाद १०-२० मिलिसेकंदांचा नव्हताच, तो मधूनमधून दोन-दोन हजारांवर जात होता.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं. पिवळा इशारा. वाचता न आल्यामुळे 'प्रलंबित' ठेवलेल्या सेक्टरांचा आकडा शून्य असायला हवा, तो नव्हता. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि तेवढा वेळ आख्खं मशीन ताटकळतं. कम्प्युटर स्लो नव्हता, डिस्क मरत होती. आणि मी तिला रात्रभर डीफ्रॅगला जुंपलं होतं. म्हणजे ५०० जीबीभर डोकं इकडून तिकडे पळवत वाचायला आणि लिहायला लावलं होतं.

त्या डिस्कवर माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या एक्सआरडीच्या मूळ फाइली होत्या. आलेख प्रबंधात आहेत, मूळ आकडे फक्त तिथे. लगेच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला घेतलं, सगळ्यात आधी तो फोल्डर. १४ फाइली उघडल्या नाहीत.

डीफ्रॅगमुळेच त्या गेल्या, असं मला म्हणता येत नाही. आधीपासूनच गेलेल्या असतील. डीफ्रॅगच्या आधी मी डिस्कची तब्येत बघितली असती तर सांगता आलं असतं. तुम्ही घरी काही करणार असाल तर क्रम एवढाच ठेवा: आधी कॉपी, मग डिस्कची तब्येत, मग मोजमाप, मग एका वेळी एक बदल. दहा टिपांच्या त्या व्हिडिओत कॉपी हा शब्द एकदाही नव्हता. पाचशे रुपयांच्या फॉरमॅटमध्येही तो आला असता की नाही, शंकाच आहे.

शेवटी २५६ जीबीची एसएसडी आणली. स्क्रू ड्रायव्हर, दोन केबली, अर्धा तास. विंडोज नव्याने टाकलं. तीन दिवसांची मोजमापं: ४८, ५१, ४७ सेकंद. इथेही मी डिस्क आणि विंडोज दोन्ही एकदम बदललं, तेव्हा कुणाचा वाटा किती ते विचारू नका. मावशीला फोन करून आधीची लिंक विसर म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, माझा तर झाला फास्ट!"

त्या १४ फाइलींची सॅम्पल्स विभागातल्या कपाटात अजून असतील, तर पुन्हा एक्सआरडी करावं लागेल. सोमवारी मॅडमना विचारणार आहे.