‘थामा’ : वेताळाचा हरवलेला प्रश्न

आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा ‘थामा’ हा हिंदी चित्रपट २०२५ च्या दिवाळीत प्रदर्शित झाला. रक्तपिपासू वेताळकुळातील ताडका आणि आलोक नावाचा मनुष्य यांची ही प्रेमकथा होय. तीत विनोद आहे, भयही आहे; उणीव आहे ती निराळीच, आणि तिचे मूळ शोधावयाचे तर एका भाषांतरापर्यंत मागे जावे लागते.

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त राजाच्या खांद्यावरून बोलणारा वेताळ प्रेतात वास करतो; परंतु त्याचे सामर्थ्य रक्तपानात नाही, प्रश्नात आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, तीतही तो असाच आहे. आरवलीचा वेतोबा तर ग्रामरक्षक. रात्री गावाभोवती फिरताना त्याची पायताणे झिजतात, या श्रद्धेने भाविक त्याला नवी वाहतात. रिचर्ड बर्टन याने मात्र १८७० मध्ये या कथा इंग्रजीत नेताना वेताळास ‘व्हँपायर’ म्हटले. पुढे १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ने त्या शब्दाला जे दात दिले, ते ‘थामा’तील वेताळाच्या तोंडी आयतेच बसले आहेत.

एवढ्यावरून चित्रपटास दोष देणे अन्यायाचे होईल, लोककथा बदलतातच. पाहावयाचे ते हे की, दात देताना काय काढून घेतले. पंचविशीतील एका कथेत मृत कन्येवर अनुरक्त असलेले तीन तरुण आहेत. एक तिच्या अस्थी गंगेस नेतो, दुसरा तिच्या रक्षेवर निजून राहतो, तिसरा मंत्र मिळवून तिला उठवतो. ती कोणाची? राजा उत्तरतो : जीवन देणारा तो पिता, अस्थी नेणारा पुत्र, रक्षेवर निजणारा तोच पती. ‘थामा’त मरणोन्मुख आलोकला ताडका दंश करून वेताळयोनीत आणते. मग ती त्याची प्रेयसी, की जन्मदात्री? हा खरा वेताळप्रश्न हाती येऊनही पटकथा विनोदाकडे आणि मारामारीकडे वळते.

फाळणीचा नरसंहार पाहून वेताळांनी मानवी रक्त वर्ज्य केले, ही कल्पना तर विलक्षण होय. माणसाचे रक्त पिशाच्चासही अपेय व्हावे, याहून कठोर अभियोग कोणता? पण तिचाही उपयोग कुळाचा एक नियम सांगण्यापुरताच होतो.

उत्तर जाणूनही राजा मौन राहिला, तर त्याचे मस्तक भंगेल, अशी वेताळाची अट होती. ‘थामा’चा प्रेक्षक निर्धास्त घरी जातो, कारण त्यास काही विचारलेलेच नसते.