तरंगती नगरी आणि नवेगावची पाळ

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शियंट एपिक' हा व्हिडिओ गेम २०२० साली आला. त्यातले कल्पित जग कितपत पटते, हा या टिपणाचा प्रश्न. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात राजी निघते. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. राजस्थानी वास्तुशैली, भिंतींवरची पुराणचित्रे, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, हे सारे देखणे आहे आणि उपरे वाटत नाही.

मात्र विष्णूच्या तरंगत्या नगरीतले पाणी देखाव्यापुरते आणि अडथळ्यापुरतेच उरते. ते कोण अडवतो, कुणाच्या शेताला आधी सोडतो, हे कळत नाही. गोंदियाच्या वाचकाला हे खटकेल. कोहळी समाजाने बांधलेल्या नवेगावबांधासारख्या तलावांना पाळ असते, तुडूम असते, पाट असतो आणि पाणीवाटपाचे रिवाजही असतात.

असुरांनी वस्ती उठवली, हा बचाव अपुरा आहे. ओस गावातही चूल, उखळ, धुऱ्याच्या खुणा उरतात; इथे त्या फारशा सापडत नाहीत. त्यामुळे राजीचे दुःख तिच्या एकटीचेच राहते, गावाचे होत नाही. पुराणकथेचे जग व्हायचे, तर देवांइतकीच नैवेद्य शिजवणारी माणसेही तिथे दिसायला हवीत.