पेशी कमी म्हणजे रक्त कमी? ट्रिप्लॉइड माशांवरचे पेपर वाचताना

ट्रिप्लॉइड माशांच्या रक्तावरचे पेपर वाचायला घेतलेत की एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: ‘तांबड्या पेशींची संख्या लक्षणीयरीत्या कमी आढळली.’ सोबत टेबल असतं, आकड्यावर तारा असतो. आणि मग चर्चेच्या भागात हळूच पुढचं वाक्य येतं, की त्यामुळे ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. सॅल्मन, रेनबो ट्राउट यांच्या शेतीत ट्रिप्लॉइड मासे मुद्दाम तयार करतात. अंडं फलित झाल्यावर ठरावीक मिनिटांनी त्याला दाबाचा किंवा तापमानाचा झटका देतात. त्यामुळे एरवी बाहेर पडणारी दुसरी पोलर बॉडी आतच राहते, आणि पिल्लाला आईकडून गुणसूत्रांचे दोन संच मिळतात, बापाकडून एक. असा मासा वांझ असतो, म्हणून पिंजऱ्यातून निसटला तरी नदीतल्या जंगली माशांत त्याची पिढी वाढत नाही. अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेला जनुक-बदललेला सॅल्मनही ट्रिप्लॉइडच.

आता रक्त. माशांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्या पेशींसारखं ते गळून जात नाही. डीएनए दीडपट झाला की केंद्रक फुगतं आणि त्याबरोबर पेशीही मोठी होते. पण मासा काही दीडपट होत नाही! शरीर तेवढंच, पेशी मोठ्या, म्हणून संख्या कमी. १९९९ साली टिलमन बेनफे यांनी ट्रिप्लॉइड माशांवर जो रिव्ह्यू लिहिला, तो या विषयात शिरण्याआधी वाचाच.

एक काल्पनिक हिशेब मांडून बघू. समजा साध्या, म्हणजे डिप्लॉइड माशात दर मायक्रोलिटरला १२ लाख पेशी आहेत आणि हिमॅटोक्रिट ३६ टक्के. एका पेशीचं सरासरी आकारमान येतं ३०० फेम्टोलिटर. ट्रिप्लॉइडमध्ये पेशी ८ लाख, हिमॅटोक्रिट तेच ३६. आकारमान ४५०. दोघांचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला ९ ग्रॅम असेल, तर रक्तात ऑक्सिजन धरायची जागा दोघांकडे सारखीच. फक्त पहिला आकडा छापला तर दुसरा मासा ॲनिमिक वाटेल. म्हणून नुसती संख्या देऊन थांबणारा पेपर मला अर्धवट वाटतो, मग तो कुठल्याही जर्नलमध्ये असो.

मग फरक काहीच नाही का? आहे, पण तो दुसरीकडे शोधायला हवा. आकार तसाच ठेवून आकारमान दीडपट केलं, तर लांबी-रुंदी साधारण १४ टक्क्यांनी वाढते आणि आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. वायूंची देवाणघेवाण पृष्ठभागातून होते. थंड, हवेशीर टाकीत निवांत पोहणाऱ्या माशात हे कदाचित दिसणारही नाही. पाणी तापलं, ऑक्सिजन उतरला की ट्रिप्लॉइड मासे मागे पडतात असे निष्कर्ष बऱ्याच प्रयोगांत आलेत. तरीही त्याला पेशीचा आकार जबाबदार, की हृदय, की कल्ले, हे नुसत्या रक्ताच्या टेबलवरून ठरत नाही. आणि शेतकऱ्याला उन्हाळ्यात मासे का मेले तेच कळायला हवं असतं.

मोजण्यातल्या गफलती तर वेगळ्याच. केंद्रकाचा आकार पाहून मासा ट्रिप्लॉइड आहे हे ओळखता येतं. अमेरिकेत तळ्यातलं गवत खाण्यासाठी सोडायचे ग्रास कार्प असेच कूल्टर काउंटरवर एकेक तपासतात. पण त्याच मापावरून मासे निवडायचे आणि मग ‘ट्रिप्लॉइडमध्ये केंद्रक मोठं आढळलं’ असा निष्कर्ष काढायचा, ही गोल फिरणारी शिडी झाली. ओळख फ्लो सायटोमेट्रीने किंवा गुणसूत्रं मोजून, स्वतंत्रपणे झालेली हवी.

हिमोग्लोबिन मोजताना फुटलेल्या पेशींची केंद्रकं द्रावण गढूळ करतात, त्यामुळे ती सेंट्रिफ्यूज करून काढली नाहीत तर आकडा फुगतो. शिवाय मासा जाळ्यात धडपडला की प्लीहेतून पेशी रक्तात येतात, आणि ट्राउटमध्ये तर ताणाच्या हार्मोनने पेशी स्वतःच फुगतात. म्हणजे मासा कसा पकडला, बेशुद्ध करून सुईपर्यंत किती वेळ गेला, हे मेथड्समध्ये नसेल तर पेशीच्या आकारमानाचा आकडा पाहून मान डोलावू नका.

आणि कंट्रोल. दोन्ही गटांची अंडी एकाच माद्यांची, दूध त्याच नरांचं, फक्त झटका अर्ध्यांनाच दिलेला, असं असेल तर तुलना योग्य. वेगळ्या हॅचरीतून आणलेले डिप्लॉइड घेतले असतील, तर फरक गुणसूत्रांचा की घराण्याचा? दोन टाक्यांतून प्रत्येकी ३० मासे घेऊन नमुना ६० लिहिणारेही भेटतील. पाणी, खाद्य, गर्दी टाकीगणिक बदलते, त्यामुळे तिथे खरा नमुना २ च असतो, आणि एक टाकी ट्रिप्लॉइडची, एक डिप्लॉइडची असेल तर प्रत्येक गटात फक्त १. तुमच्या गाईडने जर्नल क्लबला असा पेपर दिला, तर टेबल उघडण्याआधी टाक्या मोजा.