अपुऱ्या खेळाचा सौदा आणि त्याची भाषा

संगणकीय खेळ पुरा होण्यापूर्वीच मूल्य घेऊन विकण्याच्या पद्धतीस ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात. ‘स्टीम’ या विक्रीपेठेने २०१३ मध्ये तिला स्वतंत्र स्थान दिले. नाव मोठे चतुर आहे. त्यातील ‘लवकर’ हा अर्थ ग्राहकाच्या प्रवेशास लागतो, खेळास नव्हे. वस्तूतील उणीव हा घेणाऱ्याचा मान ठरतो. मराठीत सरळ ‘अपुरा खेळ’ म्हटले की सौद्याचे स्वरूप उघडे पडते.

असा सौदा नाशिक जिल्ह्यास अगदीच अपरिचित नाही. द्राक्षे तोडणीस येण्यापूर्वी व्यापारी बाग पाहून भाव ठरवतो आणि इसार देतो. परंतु इसार हा मूल्याचा अंश असतो आणि घड डोळ्यांसमोर असतात. येथे सारे मूल्य आधीच चुकते होते.

स्टीमवर निर्मात्यास काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ही अवस्था किती काळ राहील, पूर्ण खेळ कसा वेगळा असेल, मूल्य बदलेल काय, हे सारे प्रश्न भविष्यकाळाचे होत. ‘सध्याची अवस्था कोणती?’ हा मात्र निखळ वर्तमानकाळाचा. वस्तुतः विकत मिळते ते एवढ्याच उत्तरात सांगितलेले; आजचा खेळ रुचत नसेल तर थांबावे, असे स्टीमही सुचवते. ग्राहक मात्र भविष्यकाळच वाचत बसतो. ‘स्पेसबेस डीएफ-९’ हा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्ये असा विक्रीस आला आणि वर्षभराने, योजिलेल्या अनेक गोष्टी गाळून, पूर्ण म्हणून जाहीर झाला. येथे ‘पूर्ण’ हे वर्णन नव्हेच. अध्यक्षाने ‘सभा संपली’ म्हणताच सभा संपते, त्या जातीचे ते विधान आहे.

तथापि ही पद्धत सर्वस्वी त्याज्य नव्हे. ‘हेडीस’ हा खेळ डिसेंबर २०१८ पासून सप्टेंबर २०२० पर्यंत असाच घडत गेला. मरून पुन्हा आरंभ करणे हाच त्याचा गाभा असल्याने अपुरेपणा फारसा बोचत नव्हता. ‘बाल्डर्स गेट ३’ची गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०२० मध्ये पूर्ण मूल्यात त्याचा केवळ पहिला अंक मिळाला. उरलेला खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. खेळ निःसंशय सुधारला, पण तो अंक चारदा खेळून बसलेल्या पहिल्या ग्राहकाचा रस तोवर शिळा झाला होता. त्याच्या तक्रारींचे फळ मागाहून येणाऱ्यांनी चाखले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’साठी २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’वर लोकांकडे आगाऊ पैसा मागितला, अपेक्षित रक्कम जमली नाही. खेळ २०२० मध्ये आला तो पुरा होऊनच. त्याची चित्रशोभा वाखाणण्याजोगी असली, तरी शेवट तुटक वाटतो. आधी विकून खेळणाऱ्यांचे मत घेतले असते तर तो सुधारला असता, असे कोणी म्हणेल. पण कथेचा शेवट अशा रीतीने दुरुस्त करू जाता तो आधी उघड करावा लागतो. ‘हेडीस’च्या कर्त्यांनीही खरा शेवट पूर्ण आवृत्तीपर्यंत राखूनच ठेवला होता.