खलनायक नसलेली दडपशाही

किशोरवयीन वाचकांसाठीच्या डिस्टोपियन कादंबरीला आजचे वळण लागण्यात लॉइस लोरी या अमेरिकी लेखिकेच्या ‘द गिव्हर’चा मोठा वाटा आहे. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. तिच्यातल्या वसाहतीत उपासमार नाही, युद्ध नाही, भांडणतंटाही नाही. पण रंग नाहीत, ऋतू नाहीत आणि स्वतःहून काही निवडण्याची सोयही नाही. बाराव्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून दिले जाते. नायक जोनासच्या वाट्याला येतात त्या मानवजातीने पूर्वी भोगलेल्या सुखदुःखांच्या आठवणी, सगळ्यांच्या वतीने एकट्याने वागवायच्या. त्या आजवर सांभाळणारा वृद्ध गिव्हर स्पर्शाने त्या त्याच्या हवाली करतो: आधी बर्फावरून घसरत जाणारी गाडी, पुढे मोडलेला पाय, भूक, रणांगण.

जोनासपेक्षाही लक्षात राहतो तो त्याचा बाप. तो तान्ह्या मुलांच्या संगोपनाचे काम करतो आणि रात्री न झोपणाऱ्या गॅब्रिएलला मायेने घरी आणतो. हाच माणूस जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतो, त्याच्याशी लाडाने बोलत राहतो आणि देह खाली सोडताना हात हलवून निरोप देतो. तो दुष्ट नाही. आपण काय करतो आहोत हेच त्याला उमगत नाही, कारण मृत्यूची आठवण त्याच्यासाठी दुसराच कुणी सांभाळतो आहे. स्मृती गेली की विवेकही जातो, हे कादंबरीचे मुख्य सूत्र या एका प्रसंगात पूर्णपणे उतरले आहे. गिव्हरही निर्दोष नाही. सगळे ठाऊक असून तो वर्षानुवर्षे गप्प राहिला. त्याने दिलेल्या वेदना न सोसवून त्याच्या मुलीने, रोझमेरीने, मरण मागून घेतले, तरीही.

उणिवा आहेतच. ॲशर आणि फिओना हे मित्र रेखाटनापलीकडे जात नाहीत. शेवटी जोनास वाचतो की नाही, हे लोरीने अधांतरी ठेवले होते. २०१२च्या ‘सन’ या त्याच मालिकेतल्या कादंबरीपर्यंत त्याचे उत्तर पक्के झाले आणि मूळ शेवटाची धार बोथट झाली.

सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ने २००८ साली या प्रकाराला प्रचंड वाचकवर्ग मिळवून दिला. मागोमाग ‘द मेझ रनर’ आणि ‘डायव्हर्जंट’ आल्या. ‘डायव्हर्जंट’मध्ये जुलमाला एक ठळक चेहरा मिळतो आणि नायिका मुळातच इतरांहून वेगळी असते, त्यामुळे सामान्य माणूस जुलमात कसा सहभागी होतो, हा अवघड प्रश्न मागे पडतो. कॉलिन्सने तो सोडलेला नाही. ज्यादा धान्य हवे असेल, तर मुलांना मरेपर्यंत लढवणाऱ्या खेळांच्या सोडतीत आपल्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवून घ्यायच्या, हा तिच्या पॅनेम या काल्पनिक देशाचा नियम. घरच्यांची पोटे भरताना नायिका कॅटनिसचा मित्र गेल याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या जमतात. गरिबाची भूकच त्याला मरणाच्या दारात नेते, आणि ही व्यवस्था कागदोपत्री मात्र न्याय्य दिसते. याच मालिकेतल्या ‘मॉकिंगजे’मध्ये बंडाची नेता कॉइन शत्रूच्या मुलांना घेऊन तेच खेळ पुन्हा भरवू पाहते. कॅटनिसचा बाण हुकूमशहा स्नोऐवजी तिला लागतो. २०२०च्या पूर्वकथेत कॉलिन्सने अठरा वर्षांच्या स्नोलाच मध्यवर्ती पात्र केले. पुढे हुकूमशहा होणारा हा मुलगा सुरुवातीला उपाशी आहे, लाघवी आहे आणि घराण्याची अब्रू झाकण्यासाठी धडपडतो आहे. पुढची प्रत्येक वाईट निवड तो स्वतःला पटेल असे कारण शोधूनच करतो.